पडदा काळा करून एकदा ऐका

प्रति,
मराठी मालिकांचे संवादलेखक,
मुंबई-ठाण्याकडचे सगळे



तुमच्या मालिका आमच्या धाराशिव जिल्ह्यात लोक बघतात कमी आणि ऐकतात जास्त. हे तुमच्यापर्यंत कुणी पोचवलं नसावं, म्हणून पत्र लिहायला घेतलं. मी उमरग्याकडचा डिशवाला. छत्री बसवणं, एलएनबी बदलणं, बंद पडलेला टीव्ही उघडून बघणं ही माझी कामं. उमरगा, लोहारा, तुळजापूर या तालुक्यांतल्या गावांत फेरी असते. सिग्नल लागला की बॉक्स चालू करून दाखवावा लागतो. तोवर चहा येतो, आणि पडद्यावर जे चालू असेल त्यावर घरातलं एकेक माणूस मत देऊ लागतं. "आम्ही कुठं मालिका बघतो?" असं म्हणणारा घरमालक कुणाचं कितवं लग्न कशामुळं मोडलं हे बिनचूक सांगतो. अशी मतं ऐकून ऐकून माझ्याकडं बराच साठा झालाय.

पत्र दिग्दर्शकाला किंवा वाहिनीच्या साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहितोय त्याला कारण आहे. मालिकेच्या नामावळीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतं ते त्या तिसऱ्याचंच काम.

एलईडी टीव्हीच्या पडद्यामागं दिव्यांच्या पट्ट्या असतात. आमच्याकडं विजेचं व्होल्टेज कधी वर कधी खाली, त्यात एखादा दिवा जातो आणि पडदा काळा पडतो. आवाजाला काहीच होत नाही. अंधारात बॅटरीचा उजेड काचेवर तिरका धरला, तर आत माणसं हलताना पुसट दिसतात. म्हणजे चित्र आहे, उजेड नाही. आमच्या धंद्यात हा रोजचा बिघाड. गंमत पुढं आहे. घरात क्रिकेट बघणारं कुणी असलं तर माझा फोन त्याच रात्री वाजतो. टीव्हीवर बाईमाणसाचं राज्य असलं तर कितीतरी दिवस कुणी बोलवतच नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात असाच गेलो होतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रुंद रस्ते, एकमेकांपासून लांब लांब घरं. मी गेलो होतो दुसऱ्याच एका घरी. तिथलं काम संपल्यावर शेजारच्या एका अक्कांनी हाक मारली, टीव्ही कधीचा बिघडलाय म्हणाल्या. आत गेलो तर पडदा काळा आणि मालिका जोरात चालू. अक्का आतल्या खोलीत चुलीपुढं, परातीत भाकरी थापत होत्या. म्हणलं, अक्का, चित्रच नाही की हो. तर म्हणाल्या, "चित्र न्हाई तर न्हाई, आवाज हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या तसंच. सोयाबीनची रास झाल्यावर बघू, आत्ता पैसा न्हाई." मग भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "ती सासूचं काम करणारी बाई बदलली का हो? आवाज येगळा यायलाय." खरंच बदलली होती. वाहिनीनं तर पडद्यावर थाट तसाच, साडी तशीच, कपाळावरची टिकलीसुद्धा तशीच ठेवली होती. अक्कांना ती एका वाक्यात कळली.

मी तिथंच बसून उरलेला भाग त्यांच्याबरोबर ऐकला. तुम्हीही एकदा तसं करा, ही माझी विनंती. टीव्हीवर चादर टाका आणि आपलाच एक भाग ऐका. आम्हाला काय ऐकू आलं सांगतो. एक दार उघडलं. धाड. परत धाड. तिसऱ्यांदा धाड. मग वारा सुटल्यासारखा आवाज, मग बासरी, मग कुणीतरी फक्त "तू?" म्हणालं. परत धाड, धाड, धाड. जाहिराती. अक्का म्हणाल्या, "कुणीच काय बोलंना झालंय. नुसतं वाजायलंय."

मालिकावाल्यांचा एक युक्तिवाद नेहमीचा आहे: बायका काम करता करता बघतात, त्यांचं निम्मं लक्ष नसतं, म्हणून सगळं तीन-तीनदा दाखवावं लागतं. पहिला भाग अगदी खरा आहे. संध्याकाळी सात ते दहा हा तुमचा मोलाचा वेळ आणि तोच आमच्याकडं भाकरीचा, भांड्यांचा, जनावरांच्या धारांचा आणि दुसऱ्या दिवशीच्या रोजगाराची बोली करायचा वेळ. टीव्ही पुढच्या खोलीत, बाई मागच्या. पण जी बाई बघतच नाही तिच्यासाठी तुम्ही चेहरा तीनदा दाखवता, हे कुठलं गणित? तिच्यासाठी करायचं असेल तर बोलणं सुधारायला पाहिजे. आणि निम्मं लक्ष नसतं हे तर साफ चूक. डोळे कामात असतात तेव्हा कान जास्त तिखट होतात. खोटं वाक्य बघणाऱ्याला चालून जातं, कारण समोर देखणा चेहरा असतो. ऐकणाऱ्याकडं ती सोय नाही.

आमच्या भागाचा टीव्हीशी संबंधच जरा तिरपा आला. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा सरकारी प्रयोग झाला होता. अमेरिकेचा उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, आणि गावात सगळ्यांसाठी मिळून एक टीव्ही. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होतं, आणि त्यात गुलबर्गा जिल्हा होता, म्हणजे आमच्या उमरग्याची शीव ओलांडली की लागतो तोच. पलीकडच्या जिल्ह्यात गावकरी चावडीपुढं बसून टीव्ही बघायला लागले, अलीकडं आम्ही रेडिओच ऐकत राहिलो. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून चालू होतं, पण ते मुंबई-पुण्याचं. 'चिमणराव' तिकडं घराघरांत गाजत होता तेव्हा आमच्याकडं चिमणरावाचे लेखक चिं. वि. जोशी फार तर शाळेच्या वाचनालयात होते. पुढं टीव्ही आला तोही हिंदी घेऊन.

त्याचा एक परिणाम कुणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही: टीव्ही आला तरी आमची ऐकायची सवय मोडली नाही. १९८७ ला रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा हिंदी न कळणाऱ्या म्हाताऱ्या बायका हात जोडून पुढं बसायच्या, टीव्हीला हार घालायच्या, हे सगळेच सांगतात. गोष्ट पाठ होती, त्यामुळं भाषा आडवी आली नाही. 'महाभारत' आलं १९८८ च्या २ ऑक्टोबरला. त्यात तर गोष्ट सांगणारा 'समय' हा नुसता आवाज. हरीश भिमानींचा आवाज आणि राही मासूम रझांची भाषा. दिसायला काय, तर फिरणारं चक्र. तरी आमच्या तालमीतली पोरं त्या आवाजात एकमेकांना "मैं समय हूँ" म्हणून हाका मारायची. देशातल्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेचा निवेदक पडद्यावर कधी दिसलाच नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

मराठीत नुसत्या आवाजाचं हे बळ रेडिओनं आधीच कमावून ठेवलेलं होतं. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. तीन आवाजांत अख्खं घर उभं राहायचं. आमच्या मराठवाड्याचं उदाहरण तर त्याहून मोठं. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे उभे राहून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायचे. पन्नासावर पात्रं, सगळी एकाच गळ्यातून. ज्यांनी प्रयोग कधी पाहिला नाही त्यांनी तो कॅसेटवर ऐकला: लग्नाच्या मांडवात, जीपमध्ये, रसवंतीवर. कोण बोलतंय हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळायचं. त्यासाठी खाली नाव लिहून यावं लागलं नाही.

तुमच्यातल्या लोकांनीही हे केलेलं आहे, म्हणून तर हक्कानं बोलतोय. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ला अल्फा मराठीवर सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केलेली, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आजही लोक ती मोबाईलवर लावतात. तुळजापूरला एका पुजाऱ्यांच्या घरी बॉक्स बदलत होतो, आत कुणाच्या तरी मोबाईलवर 'टिपरे' चालू होतं. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या: मी माळ्यावर वायर ओढत होतो आणि भिंतीपलीकडून एकेक जण ओळखू येत होता. आबा वाक्य संपवतात एका तऱ्हेनं, शिऱ्या दुसऱ्या. घरात भांडण झालं तरी दोघं एकाच वाक्यात बोलत नाहीत. आजच्या मालिकेत खलनायिका, तिची आई आणि तिचा वकील तिघंही एकच मराठी बोलतात, फक्त चढ्या सुरात.

एक गोष्ट तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मोठ्या मालिकांतल्या कितीतरी गोष्टी बाहेरून आणलेल्या असतात. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून आली, 'ठरलं तर मग' तमिळ 'रोजा'वरून. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमच्या उमरग्यात घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबं भरपूर आहेत, त्यांच्या आज्या दोन्हीकडच्या वाहिन्या लावतात आणि "ही गोष्ट त्या तिकडं कवाच होऊन गेली" म्हणून पुढचं सांगून टाकतात. पण तशी परकी गोष्ट घेतल्यावर मराठी म्हणून त्यात उरतं काय? तुम्ही लिहिलेलं बोलणंच. तेच जर मिळमिळीत राहिलं तर आजीबाईंनी कन्नड मालिका बघितलेली काय वाईट?

आता बोलीचं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला आली तेव्हा मालवणी सगळ्या महाराष्ट्राला समजली. 'तुझ्यात जीव रंगला'त कोल्हापूर होतं, राणादाचं 'चालतंय की' तर आमच्याकडं ट्रॅक्टरवर रंगवलेलं मी पाहिलंय. तेजपाल वाघांच्या 'लागिरं झालं जी'त सातारा होता. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरकडची. मराठवाड्याच्या बोलीला मात्र नायिकेच्या तोंडी जागा मिळाली तर क्वचितच. मकरंद अनासपुरेंनी ती सिनेमात हसत-खेळत सगळीकडं पोचवली, त्यांचे उपकारच आहेत. पण तेव्हापासून आमची बोली ऐकली की लोक हसायला तयार होऊन बसतात. आमच्याकडची बाई रडते, नवऱ्याशी भांडते, बँकेत जाऊन साहेबाला जाब विचारते तेही याच बोलीत. 'काय करायलाव', 'कुठं निघालाव' हे फक्त विनोदाचे शब्द नाहीत.

२०२४ च्या घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, कलर्स मराठीवर 'आई तुळजाभवानी' सुरू झाली. आमच्या जिल्ह्याची देवी रोज रात्री टीव्हीवर, याचं कौतुक किती झालं काय सांगू. त्या नवरात्रात कित्येक घरांतून "ती वाहिनी आमच्यात दिसतीय का बघा" म्हणून फोन आले. पौराणिक मालिका आहे, त्यात देवादिकांनी भारदस्त मराठी बोलणं रीतीला धरूनच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुळजापुरात महाद्वारापुढं उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं देवीशी बोलणं ऐका. नवस फेडायला आलेली बाई आईशी कशी बोलते? अरेतुरे करते, उसनवारीचा हिशेब मांडल्यासारखी भांडते, "एवढं केलं तुझं, आता माझं बघ" असं सुनावते, आणि मग पायरीवर डोकं टेकते. एवढे संवाद तिथं फुकट पडलेत.

आणि तुळजापूरला आलातच तर एखाद्या घरचा गोंधळ रात्रभर ऐका. गोंधळी आख्यान लावतो. तो बोलत असतो तेव्हा संबळ दबक्या आवाजात राहतो. मधेच जोडीदार टोकतो, "मग पुढं काय झालं म्हणता?" गोंधळी उत्तर देतो, आणि वाक्य पुरं झाल्यावर मग संबळ कडाडतो. शब्दाच्या डोक्यावर वाद्य बसत नाही. मांडवात पाठीमागं पोरं घेऊन बसलेल्या बायकांना गोंधळी दिसतही नाही, तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. पार्श्वसंगीत लावणाऱ्यांना हे पत्र थेट लिहीत नाही, तुम्हीच त्यांच्या कानावर घाला.

तुम्ही म्हणाल, टीआरपीचे आकडे तर चांगले येतायत. येत असतील. देशभरात काही हजार घरांत मीटर लावून बार्क ही संस्था ते आकडे काढते. घरं गुप्त असतात, असायलाच पाहिजेत. पण चालू टीव्हीपुढून उठून बाई कंटाळून परसात गेली, हे बटण दाबल्याशिवाय मीटरला कळत नाही, आणि पिठाच्या हातानं बटण कोण दाबतं? आवडीनिवडीचा खरा हिशेब मी पाहिला तो १ फेब्रुवारी २०१९ नंतर. दूरसंचार नियामक ट्रायचा नवा नियम आला, ज्या वाहिन्या पाहिजेत त्याच निवडा, तेवढ्याचेच पैसे भरा. मी घरोघर कागद घेऊन बसलो होतो. बातम्यांवर फुली, सिनेमांवर फुली, खेळांवर घरातल्या पोराचा गोंधळ. आणि एका मराठी वाहिनीला १९ रुपये म्हटल्यावर एक काकू म्हणाल्या, "त्यातल्या दोनच मालिका बोलत्यात बगा. बाकीच्यांचं नुसतं संगीत. दोनाचे पैसे घ्या." असा नियम ट्रायला सुचला नाही. ज्यांना महिन्याचा रिचार्ज जड गेला त्यांनी फ्री डिश लावली आणि त्यावर जे फुकट मिळेल ते ऐकायला लागले. त्यांची मतं तर कुणाच्याच वहीत नाहीत.

मालिका लांबवता, त्याबद्दल लोक बोलतात, पण मी फार बोलणार नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले, आणि ती संपली तेव्हा आमच्याकडं काही बायकांना खरंच चुकल्यासारखं झालं. लांबीचं कुणाला वाईट वाटत नाही. कीर्तन लांबलं म्हणून कुणी उठून जात नाही, बुवा तेच तेच बोलायला लागला की उठतं. 'हास्यजत्रा' लागली की आमच्याकडं पुरुषमाणसं आतून बाहेर येऊन बसतात, कारण तिथं बोलणं आहे. परीक्षकांचं हसणं जरा कमी केलं तर आणखी दोन वाक्यं बसतील, असं एका हॉटेलवाल्याचं मत आहे. मला पटलं.

शेवटचं एक, आणि हे तेवढं तातडीनं करा. हल्ली तुमची पात्रं मोबाईलवर मेसेज वाचतात. पडद्यावर मेसेज येतो, पात्र दचकतं, संगीत वाजतं, भाग संपतो. कधी हॉस्पिटलचा रिपोर्ट असतो, कधी घटस्फोटाचा कागद, कधी कुणाचा फोटो. भाकरी करणाऱ्या बाईला यातलं काय कळणार? ज्यांना अक्षरओळख नाही त्या म्हाताऱ्यांना काय कळणार? इंग्रजीत लिहिलेला मेसेज तर पुढं बसलेल्यालाही वाचेपर्यंत जातो. मग आतून हाक येते, "काय आलं रे त्यात?" आणि घरातलं पोरगं, ज्याला मालिकेत काडीचा रस नाही, ते मोबाईलमधून मान वर न करता म्हणतं, "काय न्हाई, मेसेज आलाय." झालं, आठवडाभराचा रहस्यभेद संपला. पूर्वी नाटकात, सिनेमात पत्र आलं की ते मोठ्यानं वाचलं जायचं, नाहीतर लिहिणाऱ्याचा आवाज तरी यायचा. तेवढं परत आणा. पात्राला वाटलं तर पुटपुटू द्या, अडखळू द्या, अर्ध्यात थांबू द्या, पण आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल असं.

आपला,
उमरग्याकडचा एक डिशवाला

ता. क. : पडद्याच्या पट्ट्या बदलायला आल्या तर मी आहे. पण त्याआधी चादर टाकून एक भाग ऐकाच.